फाट्यावर न थांबणारी गाडी : किशोरींच्या चित्रफीत कार्यशाळेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटाच्या उतारावर वसलेल्या सुमारे दोनशे उंबऱ्यांच्या एका गावातले आहे. गावाचे नाव आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम वगळले किंवा बदलले आहेत. तसे का करावे लागले, हाच या प्रकरणाचा मोठा भाग आहे. कार्यशाळा घेणाऱ्या दोन प्रशिक्षकांपैकी मी एक होते, त्यामुळे पुढे जिथे चूक झाली असे म्हटले आहे तिथे ती प्रामुख्याने आमची आहे.

गावातली निम्म्याहून अधिक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. घरातला मुलगा कामाला आला की त्याच्या जोडीला कोण, हा प्रश्न त्यामुळे भावनेचा नसून सरळ हिशेबाचा असतो. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयोगटातल्या ज्या स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाले होते, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आणि बीड जिल्ह्यात सुमारे ४४ टक्के आढळले. या गावात वावरताना तो आकडा कुणालाही जास्त वाटत नाही.

गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत आहे. पुढचे शिक्षण अकरा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी घ्यावे लागते. एसटी गावात येत नाही. ती तीन किलोमीटरवरच्या फाट्यावरून जाते. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेमुळे मुलींना बारावीपर्यंत प्रवासाचा पास मोफत मिळतो. पास प्रत्येकीच्या दप्तरात होता. संध्याकाळची गाडी मात्र भरलेली असली की तालुक्याच्या स्थानकातून मुलींना न घेता सुटत असे, आणि सकाळची फाट्यावर न थांबता पुढे जात असे.

कार्यशाळा जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली आणि सप्टेंबरअखेर संपायची होती. शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर अंगणवाडीच्या खोलीत आम्ही बसत असू. १४ ते १९ वयाच्या सोळा मुली आल्या. पहिल्याच आठवड्यात तिघींचे येणे घरून बंद करण्यात आले. साहित्य साधे होते : तीन स्मार्टफोन, एक तिपाई, दोन कॉलर माईक, एक पॉवर बँक. माईकवर वारा घोंघावू लागला तेव्हा एकीने भावाच्या जुन्या स्वेटरची बाही कापून त्याला टोपी शिवली, आणि ती बाजारात मिळणाऱ्या टोपीपेक्षा चांगली चालली.

सुरुवातीचा विरोध आम्हांला अपेक्षित होता तसाच झाला. बहुतेक घरांत मोबाईल भावाच्या खिशात असतो आणि मुलीच्या हातात तो दिसला तर लगेच चौकशी होते. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही चेहऱ्यांचे चित्रण घेतलेच नाही. प्रत्येकीने घरातल्या एका माणसाच्या फक्त हातांचे काम टिपायचे, असा पाठ दिला. भाकरी थापणारे, दावे वळणारे, गोधडीला टाके घालणारे हात मुलींनी आणले. ते पाहायला आया आल्या. एका मावशींनी पडद्यावर आपले हात पाहिले आणि खूप वेळाने म्हणाल्या, "किती भेगा पडल्यात गं, मला कधी दिसल्याच नव्हत्या." त्यानंतर तीन आठवडे कुणाच्या घरून तक्रार आली नाही. आम्ही निर्धास्त झालो, आणि पुढचे सगळे त्या निर्धास्तपणातून घडले.

अडचण

पाचव्या आठवड्यात मुलाखतीचा पाठ होता. अकरावीतल्या एका मुलीने आपल्या चुलत बहिणीची मुलाखत घेतली. बहीण सोळा वर्षांची होती आणि आठ दिवसांपूर्वीच तिची सुपारी फुटली होती. प्रश्न ठरवून दिलेला होता, "तुला रोजच्या दिवसातलं काय आवडतं?" उत्तर मात्र भलतीकडे गेले. शाळा, फाटा, गाडी आणि मग लग्न, असे ती पावणेचार मिनिटे बोलली. "मला बारावी करायचीय, पण त्यांना यंदा पुरा कोयता पाहिजे," हे वाक्य त्यात होते.

रविवारी ही फीत सगळ्यांसमोर चालवली तेव्हा खोलीत कुणी बोलले नाही. आम्हां दोघी प्रशिक्षकांना ती विलक्षण वाटली, आणि आमच्या मनात पहिला विचार आला तो चित्रपटाचा. मुलीचे काय होईल, हा विचार दुसरा आला. हा क्रम मी इथे लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे बिघडले त्याचे मूळ त्यात आहे. फीत कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, ती कुठे ठेवायची, कोण पाहू शकते, यांपैकी काहीही न ठरवता आम्ही त्या दिवशी संध्याकाळी निघून आलो.

मंगळवारपर्यंत त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर होता. कार्यशाळेतल्या एका मुलीने तो कौतुकाने दुसऱ्या गावच्या बहिणीला पाठवला होता, तिच्या नवऱ्याने पुढे पाठवला आणि तो फिरून गावात आला. बुधवारी मुलाखत दिलेल्या मुलीचे वडील आणि दोन चुलते अंगणवाडीसमोर येऊन उभे राहिले. होणाऱ्या सासरच्यांनी फोन केला होता. तीन मुलींचे येणे बंद झाले. सरपंचांच्या घरून निरोप आला की काही दिवस हे थांबवा. आणि ज्या मुलीचे बोलणे होते, तिला घराबाहेर पडू देत नव्हते.

म्हणजे एकाच वेळी दोन प्रश्न उभे होते. पहिला तातडीचा : एका अल्पवयीन मुलीचे लग्न ठरले आहे हे आम्हांला ठाऊक झाले होते आणि आमच्यामुळे तिची स्थिती अधिक बिकट झाली होती. दुसरा कार्यशाळेचा : उरलेल्या मुलींनी आता काय करायचे.

पहिला निर्णय : मुलीचे संरक्षण

२००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावणे गुन्हा आहे, आणि ग्रामीण भागात हे लग्न थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे दिलेली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे वयाआधी लग्नाचा धोका असलेली मुलगी काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक ठरते. त्याच कायद्याचे ७४ वे कलम अशा बालकाची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करण्यास मनाई करते. म्हणजे जी फीत आम्हांला विलक्षण वाटली होती, ती तशीच दाखवणे हाच कायद्याचा भंग ठरला असता.

कळवायचे की नाही, यावर आम्हां दोघींत मतभेद झाला. सहकारी म्हणाली, आज कळवले तर गाव आपल्याला हाकलेल आणि उरलेल्या मुलींचेही दार बंद होईल. माझे म्हणणे होते की कळवले नाही तर आपण फक्त पाहुण्या होतो असे सिद्ध होईल. निर्णय शेवटी अंगणवाडीताईंच्या एका वाक्याने झाला. त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवाळीला जाल, मला इथंच राहायचंय. तरी मी सही करते." त्या आधी मुलीला एकट्या भेटल्या, तिला काय हवे ते विचारले, आणि ती हो म्हणाल्यावर ग्रामसेवकांना लेखी कळवले गेले; १०९८ या बालमदत क्रमांकावरही नोंद झाली. चार दिवसांनी वडिलांकडून मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न न करण्याचे हमीपत्र घेण्यात आले. पोलीस गावात आले नाहीत, याचे श्रेय अंगणवाडीताईंनी दोन संध्याकाळी त्या घरी बसून काढल्या त्याला आहे.

दुसरा निर्णय : चित्रपट कशाचा

पुढच्या रविवारी दहा मुली आल्या. समोर चार वाटा होत्या. कार्यशाळा बंद करावी. स्वच्छता किंवा वृक्षारोपण असा कुणालाच न बोचणारा विषय घ्यावा. मुलीचा चेहरा धूसर करून, आवाज बदलून तीच मुलाखत वापरावी. किंवा मुलाखत पूर्ण बाजूला ठेवून तिच्यात आलेल्या दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे फाट्याचा आणि गाडीचा, चित्रपट करावा.

बंद करण्याच्या बाजूने फक्त गाव होते. वृक्षारोपण ऐकून मुली हसल्या. खरा पेच तिसऱ्या वाटेचा होता, कारण निधी देणाऱ्यांच्या प्रतिनिधीला तीच हवी होती. एवढे बोलके साहित्य फुकट घालवू नका, चेहरा झाकला की झाले, असा त्यांचा आग्रह होता आणि शहरातल्या प्रेक्षकांपुरता तो खराही असेल.

मुलींनी याची परीक्षा स्वतःच घेतली. त्या मुलाखतीला हात न लावता गटातल्या एकीने आपलेच एक मिनिटाचे चित्रण घेतले, चेहऱ्यावर धूसर चौकोन टाकला, आवाज जाडा केला आणि आपल्या नऊ वर्षांच्या भावाला दाखवले. तो पडद्याकडे नीट पाहायच्या आधीच म्हणाला, "ही तर आमची आक्का. मागं आपलं दार हाय की." निळे दार, त्यावर पिवळ्या रंगात लिहिलेले श्री, आणि बोलताना ओढणीचे टोक बोटाला गुंडाळायची तिची सवय, एवढे त्याला पुरले. दोनशे उंबऱ्यांच्या गावात चेहरा हा ओळखीचा सर्वांत लहान भाग असतो, हे आम्ही कितीही समजावून सांगितले असते तरी त्या दहा सेकंदांइतके पटले नसते. तिसरी वाट तिथेच संपली.

फाट्याचा चित्रपट ठरला तेव्हा एक शंका मी बोलून दाखवली : आपण मुख्य विषयाला बगल देतो आहोत का? उत्तर आठवीतल्या मुलीने दिले. दहावीनंतर जिचे जिचे लग्न झाले तिच्या घरी आधी काय म्हणाले ते विचारा, असे ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात मुलींनी घरोघरी विचारले, कॅमेरा न नेता. सात घरांपैकी पाच घरांत उत्तर एकच होते, "वाट बरी नाही." अंधारात तीन किलोमीटर बाभळींतून चालत येणारी मुलगी घरात बसवली जाते, आणि घरात बसलेल्या मुलीला स्थळ येते. गाडी हा आडमार्गाने आलेला विषय नव्हता.

संमतीचे नवे नियम

चित्रीकरण पुन्हा सुरू करण्यापूर्वी एक पूर्ण रविवार नियमांवर गेला. कॅनडातल्या फोगो बेटावर १९६७ साली मच्छीमारांबरोबर केलेल्या चित्रीकरणाची गोष्ट मी मुलींना सांगितली. तिथे ज्यांचे चित्रण झाले त्यांनाच ते आधी दाखवले जाई आणि नको असलेला भाग काढायला सांगण्याचा हक्क त्यांना होता. अहमदाबादेत ‘सेवा’ या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेतल्या कष्टकरी स्त्रियांनी १९८४ पासून, अनेकींना लिहिता-वाचता येत नसताना, कॅमेरा चालवायला घेतला, हेही सांगितले. मुलींना त्यात रस होताच, पण त्यांचे प्रश्न व्यवहारी होते. काढायला सांगितले आणि मग विचार बदलला तर? वडील हो म्हणाले आणि मुलगी नाही म्हणाली तर?

त्यातून एक पानाचा कागद तयार झाला. बोलणाऱ्या प्रत्येक माणसाला तीन वेगवेगळे प्रश्न विचारायचे : गावात दाखवू का, गावाबाहेर दाखवू का, कुणाच्या मोबाईलवर देऊ का. पडदा लागेपर्यंत उत्तर बदलता येईल. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची सही लागेल आणि तिची स्वतःचीही. दोघांपैकी एकाचा नकार म्हणजे नकार. चित्रीकरण संपले की फोनमधले सगळे मेमरी कार्डावर जाईल, फोन रिकामे होतील आणि कार्ड अंगणवाडीच्या कुलपातल्या कपाटात राहील. नोंदवहीत कार्ड घेणारी आणि परत ठेवणारी, दोघींच्या सह्या होतील.

त्या मुलाखतीचे काय करायचे, हे ठरवण्याचा हक्क फक्त बोलणारीचा होता. सगळ्या फोनमधून ती पुसली. मूळ प्रत ठेवायची का, असे अंगणवाडीताईंमार्फत विचारले तेव्हा निरोप आला, "ठेवा, मी सांगेन." ते कार्ड पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, त्यावर आम्ही चौघींनी सह्या केल्या.

चित्रीकरण आणि संकलन

मुलींनी आधी वही घातली. शाळेच्या चोवीस दिवसांत गाडी किती वाजता आली, थांबली का, किती मुली चढल्या, हे लिहिले. चोवीसपैकी नऊ दिवस ती थांबली नव्हती.

चित्रपटाचा कणा असलेले दृश्य एकोणीस सेकंदांचे आहे. पाऊस पडतो आहे. फोन छत्रीखाली धरला आहे आणि छत्रीची एक काडी चौकटीच्या कोपऱ्यात दिसते. वळणावर दिवे दिसतात, मुली हात वर करतात, गाडी वेग कमी करते, आतून घंटीचे दोन ठोके ऐकू येतात आणि गाडी निघून जाते. एसटीत एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. संकलनाच्या वेळी बहुतेकींना इथे करुण संगीत हवे होते. माईक सांभाळणारी मुलगी, जी एरवी तोंड उघडत नसे, ती अडून बसली. संगीत टाकले तर ठोके ऐकू येणार नाहीत, आणि ठोके हीच बातमी आहे, असे तिचे म्हणणे होते. मत घेतले, ती हरली, दोन्ही प्रकारे पाहिले, पुन्हा मत घेतले, ती जिंकली.

या दृश्यातून आणखी एक प्रश्न निघाला. गाडीचा क्रमांक स्पष्ट दिसत होता. काहींना तो दाखवायचाच होता. मग दोघींनी वाहकांशी बोलून पाहिले. ते म्हणाले की मागच्या दोन गावांतच गाडी गच्च होते, दारात माणसे लोंबकळत असताना आणखी पंधरा मुली घेतल्या आणि काही झाले तर नोकरी त्यांची जाते. मुलींनी क्रमांक झाकला आणि त्यांचे म्हणणे, चेहरा न दाखवता, चित्रपटात घेतले. स्वतःच्या संमतीवरून एवढा मार खाल्ल्यावर दुसऱ्याच्या पोटावर पाय न देणे त्यांना आपोआप सुचले, असे मला वाटते. पण तसे मी त्यांना विचारलेले नाही.

दाखवण्याचा क्रम

सात मिनिटांचा चित्रपट सप्टेंबरच्या शेवटी पूर्ण झाला. तो आधी चित्रपटात असलेल्यांना दाखवला. एका आजोबांनी आपले एक वाक्य काढायला लावले, ते काढले. मग आयांना. मग ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत. आणि शेवटी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, दोन पांढऱ्या चादरी एकत्र शिवून केलेल्या पडद्यावर.

ही पायरी-पायरीची चाल मुलींची होती. ग्रामसभेच्या दिवशी आधीच पाहिलेल्या चाळीसेक बायका पुढे बसल्या होत्या, आणि एका गृहस्थांनी "पोरींना हे कुणी शिकवलं" असे विचारले तेव्हा उत्तर मुलींना द्यावे लागले नाही. ज्या मावशींनी भेगा पाहिल्या होत्या त्याच उठल्या आणि वही पुढे करून म्हणाल्या, "भाऊ, नऊ दिवस. मोजून घ्या." गाडीचा थांबा आणि वेळ यांबाबतचा ठराव झाला.

परिणाम

ठराव, वहीची प्रत आणि चित्रपट घेऊन सहा मुली, सरपंच आणि अंगणवाडीताई आगारप्रमुखांना भेटल्या. दिवाळीनंतर फाट्यावर थांबण्याची लेखी सूचना निघाली आणि संध्याकाळी शाळा सुटण्याच्या वेळेला एक जादा फेरी सुरू झाली. थांबा टिकला. जादा फेरी फेब्रुवारीपर्यंत चालली, नंतर अनियमित झाली. मुलींनी पुन्हा वही घातली आहे. त्या वर्षी दहावी झालेल्या पाच मुलींपैकी चौघींनी अकरावीला प्रवेश घेतला. हा चित्रपटाचा परिणाम आहे असा दावा मी करणार नाही, कारण त्याच उन्हाळ्यात शाळेच्या मुख्याध्यापकांनीही घरोघरी खेटे घातले होते.

ज्या मुलीचे लग्न थांबले, तिची गोष्ट इतकी सरळ नाही. ती कोजागरीनंतर आई-वडिलांबरोबर तोडीला गेली. अकरावीचे ते वर्ष बुडाले. सासरच्यांनी दुसरीकडे मुलगी पाहिली, तिचे वय आम्हांला समजले नाही, आणि ही बाब मला अजून बोचते.

पुन्हा करायचे झाल्यास

संमतीचा कागद पहिल्या दिवशी, कॅमेरा पिशवीतून निघण्याआधी झाला पाहिजे होता. मुलाखतीचा पाठ देताना, कुणी धोक्याची गोष्ट सांगितली तर चित्रण थांबवून माईक बंद करायचा आणि मोठ्या माणसाला सांगायचे, एवढी साधी सूचना आम्ही मुलींना दिली नव्हती. ती न देता चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या हाती मुलाखत सोपवणे, हा आमचा निष्काळजीपणा होता. तुकडा पुढे पाठवणाऱ्या मुलीला गावाने दोषी धरले आणि ती परत आली नाही. तिच्या घरी जायला आम्ही तीन आठवडे लावले. तोवर उशीर झाला होता.

वेळापत्रकही चुकले. संकलनाचे शेवटचे काम आणि मुकादमांचे ट्रॅक्टर गावात येणे, हे एकाच सुमारास आले. माईक सांभाळणारी मुलगी ग्रामसभेनंतर आठवड्यातच तोडीला गेली, आणि आगारप्रमुखांकडे गेलेल्या सहा जणींत ती नव्हती. ज्यांची कुटुंबे गावातच राहतात त्याच मुली शेवटच्या, मानाच्या टप्प्याला पोहोचल्या. एप्रिल-मेमध्ये सुरू करून पावसाळ्यात चित्रीकरण केले असते तर हे टळले असते, आणि ऊसतोडीच्या गावात काम करताना हे आम्हांला आधी सुचायला हवे होते.

कळवण्याच्या निर्णयाबाबत मात्र माझे मत बदललेले नाही. तो अंगणवाडीताईंच्या खांद्यावर पडला, आमच्या नाही, हे चुकले. त्यांच्या सहीच्या वर आमची सही असायला हवी होती.

एप्रिलमध्ये टोळ्या परतल्यावर ती मुलगी अंगणवाडीत आली. कपाटातले पाकीट तिच्यासमोर फोडले. तिने पावणेचार मिनिटांची फीत एकदा पूर्ण पाहिली, पुसू का असे विचारल्यावर नाही म्हणाली, आणि कार्ड मागून घेतले. नोंदवहीत घेणारीच्या रकान्यात तिची सही आहे. परत ठेवणारीचा रकाना मोकळा आहे.